नाडीची वही आणि ४.३ सेंटिमीटर

मुतखड्याच्या संशयावरून परभणीत आबांची सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही. पोटातली मुख्य नस, म्हणजे महाधमनी, ४.३ सेंटिमीटर रुंद निघाली. ती एरवी दोनेक सेंटिमीटर असते, ३ झाली की फुगा धरतात. पुरुषांत साधारण ५.५ ला, बायकांत ५ ला ऑपरेशनचा विचार होतो. सहा महिन्यांत अर्धा सेंटिमीटर वाढ झाली तर त्याआधीही. आमचं ठरलं: वर्षातून एकदा मोजायचं, बिडी आजपासून बंद. फुगा वाढवण्यात बिडीचा हात सगळ्यात मोठा.

पुढच्या वर्षी दुसऱ्या सेंटरवर ४.६ आली आणि घरात रडारड. फरक मोजणीचा होता. पहिल्याने आतून आत मोजलं होतं, दुसऱ्याने नसेच्या भिंतीची जाडी धरून बाहेरून बाहेर. तेवढ्यात तीन-चार मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. तेव्हापासून सेंटर एकच, जुना रिपोर्ट हातात, आणि सहा तास उपाशीपोटी. पोटात गॅस असला की नस नीट दिसतच नाही.

बीपीसाठी मेटोप्रोलॉल ही नाडी मंदावणारी गोळी सुरू झाली, म्हणून नाडीची वही घातली. सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं बसवायचं, अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवायची (आपला अंगठा नको, त्यातली स्वतःचीच नाडी लागते), तीस सेकंद मोजून दुप्पट. ठोका चुकतोय वाटलं तर पूर्ण मिनिट. चहा, तंबाखू, जिना, ताप, रक्त कमी असणं, सगळ्यांनी आकडा चढतो. मे महिन्यात रानातून आल्या आल्या ९६ भरली. ताक पिऊन तासभर सावलीत बसले, ७२. गोळीने ५८ वर आली तर ती मनाने बंद करायची नाही, एकदम सोडली की नाडी आणि बीपी उसळतात. पन्नासच्या खाली जाऊन चक्कर आली तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन.

या वहीतून फुग्याचं काहीच कळत नाही. उलट फुगा फुटून आत रक्त गेलं तरी या गोळीमुळे नाडी हवी तशी धावत नाही. एकाएकी पोटात-पाठीत जोराची कळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की मोजत बसायचं नाही, १०८ लावायचा. आणि पहिलं वाक्य ‘महाधमनीला फुगा आहे’ हेच सांगायचं; नाहीतर मुतखडा समजून दुखण्याचं इंजेक्शन देतात आणि वेळ जातो. रिपोर्टचा फोटो घरातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये आहे.