गुडघा बदलला, पण आतलं बसवलेलं हलणार तर नाही ना? माझा अनुभव

उजवा गुडघा बदलून आता वर्ष होत आलंय. ऑपरेशनच्या आधी टाके, खर्च, किती दिवस रजा यावर सगळे भरभरून बोलतात, पण आत बसवलेला सांधा हाडाला धरून राहतो कसा हे कोणी आपणहून सांगत नाही, आणि मला नेमकी तीच धास्ती होती, की कुशीवर वळले आणि आत काही सरकलं तर?

शेवटी सर्जनना सरळ विचारलं. त्यांनी ड्रॉवरमधून नमुन्याचा सांधा काढून हातात दिला, चांगलाच जड लागला. मांडीच्या हाडाच्या टोकावर बसतं ते कोबाल्ट क्रोमचं टोपण, एका बाजूने आरशासारखं गुळगुळीत आणि हाडाकडच्या बाजूने खरखरीत. खाली नडगीच्या हाडावर धातूची प्लेट, तिला मधे दांडा, आणि दोन्हींच्या मधे पांढरं पॉलिथिलीन, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक. माझ्या डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजायची तपासणी) हाड जरा ठिसूळ निघालं होतं म्हणून त्यांनी सिमेंटवाला सांधा ठरवला. हे सिमेंट म्हणजे एक प्रकारचं ॲक्रिलिक, दातांची कवळी बनते त्याच जातीतलं. ते हाडाला गोंदासारखं चिकटत नाही, हाडाच्या बारीक बारीक छिद्रांत शिरतं आणि तिथेच कडक होऊन अडकून बसतं, तेही ऑपरेशन चालू असतानाच, दहापंधरा मिनिटांत. म्हणून तर दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं केलं. हे कळल्यावर मी पाय बिनधास्त टेकवायला लागले.

सिमेंट नसलेल्या प्रकारात इम्प्लांट घट्ट ठोकून बसवतात आणि हाड त्याच्या खडबडीत पृष्ठभागात वाढत जातं, त्याला काही आठवडे ते महिने लागतात. त्या काळात साधारण १५० मायक्रॉनपेक्षा (म्हणजे ०.१५ मिलिमीटरपेक्षा) जास्त हालचाल होत राहिली तर हाडाऐवजी तंतूंचा मऊ थर तयार होतो आणि पकड येत नाही.

आणि खरं सांगायचं तर सांधा हलतो, सिमेंटवाला सुद्धा. पहिल्या काही महिन्यांत मिलिमीटरच्या छोट्याशा भागाइतका सरकून जागेवर बसतो आणि मग थांबतो. स्वीडनच्या गोरान सेल्विक यांनी १९७० च्या दशकात हाडात टँटलमचे बारीक मणी बसवून दोन बाजूंनी एक्स-रे काढायची पद्धत आणली, त्यातून ही सूक्ष्म हालचाल मोजता यायला लागली. दुसऱ्या वर्षातही सरकणं चालूच राहिलं तर पुढे सांधा सैल व्हायचा धोका जास्त. आपल्या साध्या एक्स-रेमध्ये इतकं बारीक दिसत नाही, तिथे डॉक्टर सिमेंट आणि हाडाच्या मधली काळी रेघ रुंदावतेय का ते बघतात, म्हणून जुन्या फिल्म जपून ठेवा, आणि फाईलमधले इम्प्लांटचे स्टिकर सुद्धा, पुढे कधी लागलेच तर त्यावरूनच मॉडेल कळतं.

मला सगळ्यात जास्त घाबरवलं ते टक् टक् आवाजाने. कमला नेहरू पार्कमध्ये संध्याकाळी चालताना पाय उचलला की आत टक्, मला वाटलं सुटलं काहीतरी. फिजिओ मॅडमनी समजावलं की धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना लागतात त्याचा तो आवाज, दुखत नसेल, सूज नसेल तर काळजी नाही, मांडीचे स्नायू भरले की कमी होतो. माझा झाला, पूर्ण गेला नाही. जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे तोही तसाच, तिथली बारीक नस चीर देताना कापली जाते.

चांगला झालेला गुडघा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा दुखायला लागला, खासकरून खुर्चीतून उठून पहिली काही पावलं टाकताना, तर मात्र अंगावर काढू नका, सैल झाल्याचं ते लक्षण असू शकतं, लगेच एक्स-रे काढून घ्या. बाकी २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण ८२ टक्के २५ वर्षं टिकल्याचा अंदाज आहे. आता डावाही कुरकुर करतोय, पण त्याचं दिवाळीनंतर बघू.