पान एक्कावन्न

आमच्या वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकावर शिक्का दोन ठिकाणी असतो. एक उघडल्याबरोबर, नावाच्या पानावर. दुसरा पान 51 वर. त्याला गुप्त पान म्हणतात. कुणी पुस्तक लांबवलं आणि पुढची पानं फाडली, तरी 51 वर दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक वाचनालयात आलं तेव्हा वहीत पडलेला नंबर, सापडतो आणि त्यावरून त्या वहीत, दाखल नोंदवहीत, पुस्तकाची सगळी कुंडली निघते. प्रत्येक वाचनालयाचं गुप्त पान वेगळं. आमचं मी इथे जाहीर करून टाकलं खरं, पण पुस्तक चोरण्याइतकी वाचनाची ओढ कुणाला राहिली असेल तर मी त्याचं हार घालून स्वागत करीन.

पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात मी ग्रंथपाल आहे. वाचनालय शासनमान्य, वर्ग 'ब'. म्हणजे तेव्हा 'ब'. लोकांना वाटतं हे सरकारी ऑफिस आहे. नाही. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली गावोगावची वाचनालयं संस्थाच चालवतात, शासन वर्ग बघून अनुदान देतं. वर्ग ठरतो तो पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं किती, कुलूप किती तास उघडं, यावर. गावच्या 'ब' वर्गाला तेव्हा वर्षाला 1,92,000 रुपये होते, 2012 पासून तेवढेच. त्यातले निम्मे पगाराला. म्हणजे तिघांत मिळून महिन्याला आठ हजार. मला 3,600, आमच्या लिपिक तात्यांना 2,600, शिपायाला 1,800. तेही महिन्याच्या महिन्याला नाही, वर्षातून दोन हप्त्यांत. मधल्या काळात दुकानदार उधारी देतो, कारण त्याची बायको आमची सभासद आहे. आणि तरी लग्नाकार्यात कुणीतरी म्हणतंच, "तुमचं बरंय मॅडम, बसून पगार."

ऑगस्ट 2019 चा पूर सगळ्यांना माहीत आहे. 2005 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं याची रेघ आमच्या भिंतीवर होती. त्या रेघेच्या वर एक खण सोडून आम्ही खालची पुस्तकं वर चढवली आणि शहाण्यासारखे घरी गेलो. या वेळी सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. आमची रेघ पाण्याखाली कुठेतरी.

पाणी चढत असताना तात्या परत गेले. कमरेएवढ्या पाण्यातून, कुणाला न सांगता. येताना डोक्यावर दाखल नोंदवहीचे दोन खंड, प्लॅस्टिकच्या खताच्या पोत्यात गुंडाळलेले. नंतर मी चिडले तर म्हणाले, "पुस्तकं परत घेता येतील बाई. वही कुठनं आणायची?"

भिजलेलं पुस्तक कसं असतं हे पाहिल्याशिवाय कळत नाही. ते फुगतं. रॅकमध्ये गच्च लावलेली पुस्तकं फुगून अशी अडकली होती की एकही निघेना. शेवटी शिपायाने पहारीने रॅकच्या पट्ट्या उचकटल्या. साध्या कागदाची पुस्तकं निदान उघडतात, गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं वाळली की वीट होतात. तिसऱ्या दिवशी बुरशी आली, काळी आणि एक गुलाबी. भिजलेली पुस्तकं थंडीत ठेवली तर बुरशी थांबते आणि वाळवायला सवड मिळते, हे मला वर्षभराने वाचायला मिळालं. इथून तासाभराच्या अंतरावर तासगावात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आहेत. असो.

मुखपृष्ठं गेली होती, नावाची पानं गाळाने एकमेकांना चिकटली होती. तात्या आणि मी पुढचे दोन महिने पान 51 शोधत बसलो. चाकूने पानं सोडवायची, क्रमांक वाचायचा, वहीत टिंब मारायचं. शेवटी हिशेब जुळला. नोंदवहीत 6,205, गेलेली 1,438, राहिलेली 4,767. एकाही पुस्तकाचा घोळ नाही. पुरानंतर असा चोख हिशेब लावलेलं दुसरं वाचनालय दाखवा म्हणावं. हे मी तेव्हाही मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

गेलेली पुस्तकं पोत्यांत भरून मागच्या खोलीत ठेवली. फेकता येत नाहीत. त्यांचं निर्लेखन व्हायला पाहिजे, म्हणजे नोंदवहीतून रीतसर बाद व्हायला पाहिजेत. त्याला समितीचा ठराव, यादी, किंमत, वर प्रस्ताव आणि मंजुरी. गावातल्या घरांचे नि दुकानांचे पंचनामे झाले, आमच्या वाट्याला एक ओळ आली : "वाचनालयाचे साहित्य भिजले." साहित्य. निदान शब्द तरी बरोबर होता.

मग दान आलं. पुण्या-मुंबईहून टेम्पो भरून. पाठवणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पुस्तकांबद्दल म्हणायचंय. अकरावी सायन्सची गाइडं, कालबाह्य आयकराची पुस्तकं, एका विमा एजंटाच्या डायऱ्या, आणि यशस्वी कसं व्हावं याच्या एकाच पुस्तकाच्या एकोणीस प्रती. लोक माळा रिकामा करतात आणि पूरग्रस्तांना मदत केली म्हणतात. त्यातली तीनशे-एक चांगली निघाली असती, ती मी बाजूला ठेवली, पण वर्गणीतून घेतलेली नवी पुस्तकं आधी दाखल करू म्हणून राहिली. बाकीच्यांना मी शिक्का लावू दिला नाही. आमच्या दाखल नोंदवहीत आयकराचं जुनं गाइड? तात्या म्हणाले होते, "घ्या की बाई, आकडा तर होतोय." मी घेतलं नाही.

पुढचं वर्ष कोरोनाचं. 4 मे 2020 ला शासनाने सगळ्या खात्यांचा खर्च 33 टक्क्यांवर आणला. दवाखान्यांना पैसे हवेत, ते मलाही कळतं. पण तेहतीस टक्के पगारात माणूस तेहतीस टक्के जेवत नाही. वाचनालयं 15 ऑक्टोबरपासून उघडायला परवानगी मिळाली, आमचा हप्ता दिवाळी उलटल्यावर आला, तोही अपुरा. आणि फेब्रुवारीत वार्षिक तपासणी लागली.

आदल्या रात्री अध्यक्ष आप्पा घरी आले. चहा घेतला, मग विषय काढला. 'ब' वर्गाला ग्रंथसंख्येची किमान अट आहे आणि 4,767 त्या अटीच्या खाली होते. "बांधणीला दिल्यात म्हणायचं. इचलकरंजीच्या बाइंडरकडे. चौदाशे काय, दोन हजारबी देऊ." ही युक्ती नवी नाही. 2012 ला महसूल खात्याने राज्यभर वाचनालयांची पडताळणी केली, तेव्हा एकाच टेम्पोतली पुस्तकं दोन गावांत मोजली गेल्याचे किस्से आमच्या क्षेत्रात अजून रंगवून सांगतात. पण त्या पडताळणीनंतर नव्या मान्यता आणि वर्गबदल बंद झाले. खाली उतरायचा जिना चालू, वर चढायचा बंद. आप्पांना हे पक्कं माहीत होतं. मलाही. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तपासणीचे साहेब अकराच्या सुमाराला मोटरसायकलवर आले. एकटेच, हेल्मेटखाली मास्क. त्यांच्याकडे दोन पदांचं काम होतं, कारण शेजारची जागा रिकामी होती. किर्द, खतावणी, व्हाउचर फाइल, सभासद रजिस्टर, इतिवृत्त, सगळं नीट पाहिलं. देवघेव रजिस्टर उघडून म्हणाले, "अक्षर कुणाचं?" तात्या उभे राहिले. "मोत्यासारखं आहे हो." तात्या लाजले.

मग रॅक मोजले. साहेब अनुभवी, खणाला किती पुस्तकं बसतात याचा अंदाज डोळ्यांनीच. तिसऱ्या रॅकपाशी थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले, "बाकीची बांधणीला गेली असतील ना, मॅडम?"

प्रश्नच असा विचारला होता की 'हो' एवढंच म्हणायचं होतं. आप्पांनी तोंड उघडलंही होतं. तात्या टेबलापाशी नोंदवहीवर हात ठेवून उभे होते.

मी म्हटलं, "नाही साहेब. मागच्या खोलीत पोत्यांत आहेत. हिशेब पक्का आहे, दाखवते."

आणि मी दाखवला. खंड पहिला, खंड दुसरा, टिंबं, यादी, 1,438. शब्दशः अभिमानाने दाखवला. साहेब बराच वेळ पानं उलटत राहिले. म्हणाले, "असं रेकॉर्ड मी पाहिलं नाही." मग पेनाचं टोपण काढलं, आणि लिहिण्याआधी एकदाच म्हणाले, "ती दानाची तरी दाखल करून टाकायची होतीत."

पावसाळ्याच्या तोंडावर वर्ग 'क' झाल्याचं पत्र आलं. अनुदान 1,92,000 वरून 96,000. पदं तिनाची दोन. लिपिकाचं पद गेलं.

आप्पा माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. सत्य बोलल्याबद्दल गावात दोघांनी माझं कौतुक केलं, दोघांचंही पोट वाचनालयावर नव्हतं. मी सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाची 2,600 रुपयांची नोकरी प्रामाणिकपणापायी घालवली की माझा हिशेब कुणीतरी बघावा या हौसेपायी, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. हिशेब मोडका असता, तर मी बांधणीचं नाव घेतलं असतं का? बहुतेक घेतलं असतं. वही पाण्यात गेली असती, तर मोजणार कशाच्या आधारावर? हेही मनात येतं, आणि मग ती वही कुणी आणली हे आठवतं.

जुलै 2021 ला पुन्हा पूर आला. या वेळी आम्ही वेळेत सगळी पुस्तकं शाळेच्या वरच्या मजल्यावर हलवली. पोती खालीच राहिली आणि दुसऱ्यांदा भिजली. निर्लेखनाची मंजुरी तोवर आलेली नव्हती. वर्ग ठरवताना ती पुस्तकं नव्हती, रद्दीत घालायला मात्र होती.

मंजुरी आली तेव्हा प्रत्येक नोंदीपुढे लाल शाईने 'बाद' लिहायचं होतं. माझं अक्षर गचाळ. तात्या आपणहून आले, चष्मा पुसला आणि बसले. चार संध्याकाळी लिहीत होते, एका सरळ रेषेत, 'बाद, पूर 2019', एक हजार चारशे अडतीस वेळा. मी पैसे देऊ केले तर वही मिटून माझ्याकडे बघत राहिले, म्हणून पुन्हा विषय काढला नाही.

2022-23 ला अनुदानात साठ टक्के वाढ झाली. 'क' ला 1,53,600. 'ब' ला 3,07,200. त्या दिवशी मी पाकिटाच्या मागे वजाबाकी करून पाकीट फाडून टाकलं.

तात्या आता सभासद आहेत. महिन्याची वर्गणी वीस रुपये. पहिल्यांदा आले तेव्हा मी पावती फाडायचं टाळत होते, तर म्हणाले, "फाडा बाई, तपासणीत विचारतील." बदलायला पुस्तक घेतलं की ते अजूनही आधी पान 51 उघडून बघतात.