तुम्ही विचारलंत म्हणून: पावसात दूध होतं का?

'सिंगिन इन द रेन' या हॉलिवूडच्या चित्रपटाचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "त्या गाण्यातल्या पावसात म्हणे दूध मिसळलं होतं?" नाही हो. साधं पाणी कॅमेऱ्यात उठून दिसत नाही म्हणून दूध घातलं, ही दंतकथा. खरी करामत दिव्यांची. पावसाच्या मागून उजेड सोडला की थेंब चमकतात. तसंही, लोकरी सूट घालून तासन्‌तास दुधात भिजलेल्या जीन केलीजवळ (चित्रपटाचा नायक आणि सहदिग्दर्शक) कोण उभं राहिलं असतं? बिचाऱ्याला तेव्हा १०३ ताप होता. ही गोष्ट मात्र खरी. रस्ता एमजीएम स्टुडिओच्या आवारातला, वर काळी ताडपत्री ताणून दिवसाची रात्र केलेली, आणि नाचाच्या पावलांना हवी तिथे डबकी पडावीत म्हणून जमिनीत खड्डे खणलेले.

पण मला विचाराल तर दुधापेक्षा आवाजांची भानगड जास्त मजेची आहे.

चित्रपट १९५२चा, कथा १९२७ची. बोलपट आले आणि मूकपटांची राणी लीना लॅमॉन्ट अडचणीत आली, कारण तिचा आवाज म्हणजे फुटकं भांडं. मग नवखी कॅथी पडद्यामागून तिचे संवाद म्हणते, गाणंही गाते. कॅथी झाली होती डेबी रेनॉल्ड्स. वय १९, जिम्नॅस्टिक्स येत होतं, नाच जवळपास नाहीच. 'गुड मॉर्निंग'च्या चित्रीकरणात पायांतून रक्त येईपर्यंत तिला नाचवलं. त्याबद्दल केलीचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही.

तर कॅथी लीनासाठी संवाद म्हणते, त्या प्रसंगात ऐकू येणारा आवाज डेबीचा नाहीच. तिच्या बोलण्यातली प्रांतिक झाक लीना पडद्यावर साकारत असलेल्या खानदानी नायिकेला शोभेना. मग ते संवाद म्हटले कुणी? जीन हेगननं, म्हणजे खुद्द लीना साकारणाऱ्या नटीनं! तिचा मूळ आवाज छान भारदस्त होता. किनरा आवाज हा तिचा अभिनय. म्हणजे हेगनला आवाज देणाऱ्या डेबीला हेगननंच आवाज दिला. त्या वर्षी सहाय्यक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिला नामांकन होतं. मिळालं नाही, मिळायला हवं होतं.

आणि त्याच सोंगात कॅथी लीनासाठी 'वुड यू' गाते, तिथला गळा बेटी नॉइस नावाच्या गायिकेचा.

आपल्याला यात वावगं वाटायचं कारण नाही. ओठ एकीचे, गळा दुसरीचा, यावर आपला रेडिओ पिढ्यान्‌पिढ्या चालला. पण या चित्रपटात लीना खलनायिका ठरते ती नेमकी याच कारणानं: आवाज कॅथीचा वापरायचा आणि तिचं नाव कुठे येऊ द्यायचं नाही, असा तिचा हट्ट. कॅथीला न्याय मिळतो तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

१९४९च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर लताबाईंऐवजी कामिनी या पात्राचं नाव होतं. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा खरं नाव पुढे आलं. बेटी नॉइसची अशी विचारणा कुणी केली नाही. 'सिंगिन इन द रेन'च्या श्रेयनामावलीत तिचं नाव नाही.