जगातलं सगळ्यात जड बी, आणि ते जागचं हलत नाही

सेशेल्सला उतरलो की पासपोर्टवर जो शिक्का मारतात तो एका फळाच्या आकाराचा असतो, हे मला आधी माहीत नव्हतं. मावशीला माहीत होतं. मावशी कॉलेजमध्ये बॉटनी शिकवायची, आता रिटायर झालीय, आणि ही ट्रिप खरं तर तिचीच, मी नुसता बॅगा उचलायला. शिक्का बघून ती म्हणाली, "अरे, हाच तो दर्याई नारळ, फकिरांच्या हातात काळं भिक्षापात्र बघितलंयस ना, ते ह्याच्या कवटीचं असतं." आणि मग माहे ह्या मुख्य बेटावरून प्रासलँ बेटाला जाणाऱ्या बोटीत, मला मळमळत असताना, तिने त्याची सगळी गोष्ट सांगून टाकली.

तर गोष्ट अशी की कित्येक शतकं ही फळं मालदीवच्या किनाऱ्यावर वाहत यायची आणि झाड कोणी बघितलेलंच नाही. मग लोक म्हणायला लागले की हे झाड समुद्राच्या तळाशी वाढतं. नावही तेच पडलं, कोको द मेर, म्हणजे समुद्राचा नारळ. शास्त्रीय नावातसुद्धा 'मालदीविका' आहे, आणि मालदीवमध्ये हे झाड नैसर्गिकरीत्या कुठेच उगवत नाही! १७६८ मध्ये फ्रेंच लोक प्रासलँवर पोचले तेव्हा कुठे खरं झाड सापडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅली द मे. छोटंसं जंगल आहे, जेमतेम २० हेक्टर, १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. पण आत शिरलं की अंधारूनच येतं, वर पंख्यासारखी प्रचंड पानं, एकेक पान आपल्या घराच्या खोलीत मावणार नाही, आणि वारा आला की पत्रे वाजल्यासारखा खडखड आवाज. १८८१ मध्ये ब्रिटिश लष्करातला जनरल गॉर्डन इथे येऊन गेला आणि त्याने ठरवूनच टाकलं की हीच ती ईडनची बाग. मला बाग वगैरे वाटली नाही, डायनासोर येईल असं मात्र सारखं वाटत होतं.

गेटपाशी एक बी उचलून बघायला ठेवलंय. मी एका हाताने उचलायला गेलो आणि इज्जत गेली. २५ किलोपर्यंत भरतं म्हणे, जगातलं सगळ्यात जड बी. दोन नारळ एकमेकांना चिकटवल्यासारखा आकार. (लोक त्या आकाराबद्दल काय काय बोलतात ते इथे लिहीत नाही, मावशी हा ब्लॉग वाचते.) नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि फळ पिकायला सहा-सात वर्षं.

मी विचारलं हे फळ म्हणजे नक्की कुठल्या प्रकारचं, तर मावशीचा क्लासच सुरू झाला. आंब्यासारखंच अश्मगर्भी फळ, म्हणजे बाहेर साल, मध्ये गर किंवा काथ्या, आत कडक कवच आणि त्याच्या आत बी. आपण जिला आंब्याची कोय म्हणतो ती नुसती बी नाही, फळाचाच आतला थर आहे तो. नारळ पण त्याच प्रकारातला, ताडगोळा पण. आणि हा दर्याई नारळ नारळापेक्षा ताडाचा जवळचा नातेवाईक निघाला! म्हणजे ताडगोळे खाताना आपण ह्याच्या चुलतभावाला खात असतो.

पण प्रकार एक असला म्हणून प्रवास एक नाही. नारळाच्या काथ्यात हवा भरलेली असते, तो लाइफ जॅकेट घालूनच पडतो, समुद्रात कित्येक आठवडे तरंगतो आणि दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊन रुजतो. कोको द मेरचं ताजं जिवंत बी मात्र पाण्यात टाकलं की सरळ तळाला. जी मालदीवला पोचायची ती आतून कुजून पोकळ झालेली, मेलेली. म्हणजे ह्याची सगळी प्रसिद्धी मेलेल्या बियांनी केलीय, जिवंत बी बेटाबाहेर स्वतःहून गेलंच नाही.

मग वाढतं कुठे? तर आईच्या पायाशीच, किंवा उतारावरून गडगडत जाईल तिथे. मावशीने एक रुजलेलं बी दाखवलं, त्यातून एक जाड दोरीसारखा देठ निघून जमिनीखालून काही मीटर लांब गेला होता आणि टोकाला पहिलं पान वर आलेलं. आईची सावली चुकवायला केलेली एवढीच काय ती वाटचाल, आणि तीसुद्धा बियांमधला डबा संपेपर्यंत. शिदोरीच एवढी मोठी की सावलीत उपाशी मरत नाही. त्यात आईची पानं पन्हाळीसारखी, पावसाचं पाणी, परागकण, पक्ष्यांची शिट सगळं बुंध्याशी आणून सोडतात. घर सोडावंच वाटणार नाही अशी सोय. ही बेटं भारतापासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तुटली, आपल्याकडे लाव्हा वाहत होता साधारण त्याच काळात, आणि मावशीचं म्हणणं असं की एवढं जड बी समुद्र ओलांडून आलेलं नसणार, ते इथेच मोठं होत गेलं असणार. मला पटलं, पण मला तिचं सगळंच पटतं.

दुपारी बीचवर गेलो तर तिथे अगदी उलटा कारभार. तकमाका नावाचं झाड सगळीकडे, आणि ते म्हणजे आपली उंडी निघाली, फळं लाटांबरोबर येतात-जातात. देशी बदामाची फळं वटवाघळं तोंडात धरून नेतात, गर चघळतात आणि आठळी भलतीकडेच टाकतात. सुरूची बोंडं पायाला टोचत होती, त्यातली इवलीशी पंखवाली फळं वाऱ्याबरोबर कधीच उडून गेलेली. आणि डोंगरावर दालचिनी, जी १७७२ मध्ये माहेवर मसाल्याच्या बागेत लावली होती, पक्ष्यांनी तिची फळं खाल्ली आणि बिया टाकत गेले, आता ती जंगलात सगळीकडे आहे आणि इथल्या मूळच्या झाडांना जड जातेय.

परत निघायच्या दिवशी बॅगा भरताना दुकानातला कोको द मेर घ्यायचा का असं मी विचारलं, तर त्याला सरकारी परवाना लागतो, प्रत्येकाला सर्टिफिकेट. नको म्हटलं, २० किलो कोण उचलणार. मग मावशीने माझ्या पँटकडे बघून "थांब" म्हटलं. दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत बारीक हिरवे चिकट तुकडे, कुठल्यातरी गवताळ वाटेवर लागलेले, शेंगेचा एकेक भाग सुटून आकड्यासारख्या केसांनी कपड्याला धरून बसतो ना, तसले. अर्धा तास बाल्कनीत बसून एकेक उपटत होतो.

"सगळे काढ," मावशी म्हणाली, "ह्यांना परवाना लागत नाही."

घरी आल्यावर मोज्यात दोन सापडलेच.