वाळूच्या खडकातले नेढे

डोंगराला आरपार पडलेल्या भोकाला आपण नेढे म्हणतो. राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्यात ज्याने एकदा पहाटेचा वारा अंगावर घेतला आहे, तो जगात कुठेही गेला तरी नेढी शोधतो. पुण्यात राहून गेली पंचवीस वर्षे सह्याद्रीत हिंडत असल्यामुळे माझेही तसेच झाले आहे. म्हणून ऑक्टोबरमध्ये डेन्व्हरला भाच्याकडे गेलो आणि त्याने काय पाहायचे असे विचारले, तेव्हा यूटाहच्या वाळवंटातले एखादे मोठे नेढे दाखव, एवढेच मी सांगितले.

मोअॅब या छोट्या गावात मुक्काम करून पहिल्या दिवशी आम्ही कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातल्या ग्रँड व्ह्यू पॉइंटला गेलो. 1964 मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानातला हा भाग म्हणजे एक अजस्र पठार आहे. गाडी सपाटीवरून जात राहते, आजूबाजूला खुरटी जुनिपरची झाडे दिसत राहतात आणि आपण किती उंचीवर आहोत याचा पत्ताच लागत नाही. रस्ता जिथे संपतो ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,850 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही वर.

कड्याशी गेल्यावर मात्र पाय आपोआप थबकतात. खाली साडेतीनशे-चारशे मीटरवर एक रुंद पदर पसरलेला आहे आणि त्याच्या काठाला पांढऱ्या वालुकाश्माची किनार आहे. त्या पदरालाही पुन्हा भेगा पडून खोल घळी झाल्या आहेत आणि त्यांतून तांबड्या दगडाचे सुळके उभे आहेत. पदरावरून दोऱ्यासारखी दिसणारी वाट म्हणजे युरेनियमच्या शोधासाठी 1950 च्या दशकात काढलेला रस्ता होय. पूर्वेला ला साल पर्वत दिसत होते. हा सगळा प्रदेश कोरला तो कोलोराडो आणि ग्रीन या नद्यांनी, पण त्या इतक्या खोल गेल्या आहेत की उभ्या जागेवरून मला पाणी कुठेच दिसले नाही. कोकणकड्यावरून खाली पाहताना निदान हिरवळ तरी डोळ्याला आधार देते. इथे वर्षाला जेमतेम 23 सेंटिमीटर पाऊस पडतो आणि जमीन आपली हाडे उघडी टाकून बसलेली असते. गडावर टाके असणारच या सवयीने मी एकच बाटली घेऊन निघालो होतो, परंतु भाच्याने माणशी चार लिटर पाणी गाडीत भरले होते आणि ते आम्हाला लागले.

कड्याच्या धारेने दीड किलोमीटर चालत जाता येते. त्या वाटेवर मी फोटोसाठी बाजूला सरकलो, तसा भाचा एकदम म्हणाला, "मामा, त्या काळ्या मातीवर पाय नका ठेवू, ती जिवंत आहे." वाकून पाहिले तर मातीवर काळपट, खरबरीत, बारीक कंगोऱ्यांची खपली होती. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ मिळून ती तयार होते, उडणारी वाळू धरून ठेवते आणि एका पावलाने मोडली तर भरून यायला कित्येक वर्षे लागतात. त्यानंतर दिवसभर मी उघड्या खडकावरूनच चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरोना आर्चची वाट धरली. नदीकाठच्या रस्त्यावरून सुरू होणारी ही वाट आधी आगगाडीचे रूळ ओलांडते आणि मग उघड्या कातळावर चढते. पायवाट अशी नाहीच. रचून ठेवलेल्या दगडांच्या खुणा पाहत जायचे. दोन ठिकाणी तारेचे दोर धरावे लागतात, एका ठिकाणी लहानशी शिडी आहे. जाऊन-येऊन चारएक किलोमीटरची ही चाल राजगडाच्या चोरदरवाज्यापुढे काहीच नाही, पण ऊन फार कडक होते.

एक वळण घेताच ते नेढे समोर आले. कड्यातून निघालेला खडकाचा हात पुढे झुकून जमिनीला टेकलेला, आणि मधून निळे आकाश. आतली पोकळी सुमारे 43 मीटर रुंद आणि 32 मीटर उंच आहे, म्हणजे दहा मजली इमारत तिच्याखाली सहज उभी राहील. मी बराच वेळ खालीच बसून राहिलो.

मग उठून खडकाला हात लावला. आपला बेसाल्ट हाताला घट्ट आणि गार लागतो, कारण तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला आहे. हा खडक म्हणजे त्याहून कितीतरी आधीच्या, जवळपास 19 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या. त्या काळच्या वाऱ्याने वाळू ज्या उतारावर टाकली, त्या उताराच्या तिरक्या रेषा अजूनही खडकात स्वच्छ दिसतात. कणांना धरून ठेवणारा चुन्याचा अंश पावसाच्या पाण्यात विरघळतो, थंडीत भेगांत पाणी गोठून फुगते, ढलप्या सुटतात आणि खडक आतून मोकळा होत जातो. तळहात पाहिला तर त्यावर तांबूस कण चिकटले होते.

या कमानीला दोर बांधून लोक झोके घेत असत. 2013 मध्ये त्यात एका तरुणाचा जीव गेला आणि पुढे त्यावर बंदी आली. बंदी आली हे योग्यच झाले. अशा जागी माणसाने जावे, बसावे आणि परत फिरावे. आपल्या गडांच्या कातळावर नावे कोरणाऱ्यांविषयीही मला हेच वाटत आले आहे.

उतरताना शिडीपाशी भाचा म्हणाला, "मामा, डिसेंबरमध्ये येतोय मी पुण्याला. राजगडाचे नेढे मी अजून पाहिलेले नाही." गाडीपर्यंत पोहोचेतो मी त्याला सगळी वाट सांगितली: गुंजवण्यातून चढायचे, पद्मावती माचीवर मुक्काम करायचा आणि उजाडायच्या आत सुवेळेवर पोहोचायचे.