फडातून आलेलं वाचन

दसऱ्यानंतर आमच्या शाळेचा पट हजेरीपत्रकात तेवढाच राहतो आणि वर्गात निम्म्यावर येतो. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ज्यांनी नोकरी केलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. इथली घरं ऊसतोडीला जातात, आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते. लग्नासाठी, दवाखान्यासाठी, नाहीतर मागचीच फिटलेली नसते म्हणून. मग दिवाळीच्या आगेमागे ट्रक भरायला लागतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, आणि त्या कोयत्यासोबत लेकरं, शेळी, कोंबड्या, पत्र्याची पेटी. कोणी सांगली-कोल्हापूरकडं जातं, कोणी कर्नाटकात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ही लेकरं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत.

शासनाची सोय नाही असं नाही. मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असतं. जाणाऱ्यांच्या हातात आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, जिथं जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून. घरात आजी धडधाकट असेल तर पोरगं राहतं. पण पोरगी आठ-नऊ वर्षांची असेल आणि तिच्या पाठीवर धाकटा भाऊ असेल, तर ती जातेच. आई उसाच्या फडात असताना त्या भावाला बघणार कोण? कार्ड पेटीच्या तळाशी जातं आणि उन्हाळ्यात तसंच, घडीसुद्धा न मोडलेलं, परत येतं.

आमची शाळा दोनशिक्षकी. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळं जिल्हा परिषदेच्या बहुतेक वाड्या-तांड्यांवरच्या शाळांचं हेच गणित. माझ्याकडं दुसरी, तिसरी, चौथी एकाच खोलीत. सर पहिली आणि पाचवी बघतात, शिवाय मुख्याध्यापकाची सगळी कागदं, खिचडीचा तांदूळ आणि ऑनलाइन माहित्या.

आता मुद्द्यावर येते. शिक्षण परिषदेत कोणी 'अध्यापनात तंत्रज्ञान' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं पडदा येतो. आमच्याकडंही आहे तो. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला त्यानंतरच्या लाटेत लोकवर्गणीतून टीव्ही आला, गावानं फटाके वाजवले. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले, दीक्षा ॲप आलं. मी यातलं काहीच टाकाऊ म्हणत नाही. पाण्याचं बाष्प कसं होतं, ग्रहण कसं लागतं हे पडद्यावर जितकं नीट कळतं तितकं माझ्या खडूनं होत नाही. पण टीव्ही चालू असताना चाळीस डोळे पडद्याकडं असतात आणि मागच्या रांगेतल्या पोराला 'सूर्य' हा शब्द वाचता येतो की नाही, हे मला तेव्हाही कळत नाही आणि तास संपल्यावरही कळत नाही. पडदा मुलाला दाखवतो. मला पाहिजे होतं ते उलटं. मूल मला दिसावं, ऐकू यावं. आणि त्यासाठी लागणारी वस्तू प्रत्येक टोळीत, अगदी फडातसुद्धा असते. मोबाइलचा माइक.

सुरुवात एका चौथीतल्या मुलीनं केली. मी नाही. रात्री नऊच्या सुमारास तिच्या वडिलांच्या नंबरवरून एक व्हॉइस नोट आली. मागं कुत्रं भुंकतंय, बायांचं बोलणं चाललंय, आणि ही पुस्तकातला धडा वाचतेय. मध्येच आईचा आवाज, "मॅडमला पाठवायली व्हय गं? थांब, डोक्यावर पदर घेते." व्हॉइस नोटला पदर कशाला, पण घेतला असणार. ती नोट मी पहिल्यांदा कौतुकानं ऐकली, दुसऱ्यांदा पुस्तक उघडून ऐकली. दुसऱ्या वेळी तिच्या वाचनाबद्दल मला जितकं कळलं तितकं वर्गात तिला समोर बसवून कधी कळलं नव्हतं, कारण वर्गात ती वाचत असताना माझ्या पदराला दुसरीतले दोघं लोंबकळत असतात.

न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञ मेरी क्ले यांनी लहान मुलांचं वाचन टिपायची एक पद्धत घालून दिलेली आहे. मूल मोठ्यानं वाचतं, शिक्षक हातातल्या कागदावर शब्दाशब्दाला खूण करतो. बरोबर वाचला तर टिकमार्क, चुकला तर काय वाचलं ते लिहायचं, गाळला तर आडवी रेघ. आणि मूल चुकून स्वतःच मागं आलं, सुधारून पुढं गेलं, तर त्याची वेगळी खूण, आणि ती चूक मोजायचीच नाही. शंभर शब्दांत पाचपर्यंत चुका असतील तर तो मजकूर त्या मुलाला सोपा. दहापर्यंत असतील तर शिकवायला योग्य. दहाच्या वर गेल्या तर तो धडा त्याच्या हातात द्यायचाच नाही, खालचा द्यायचा. ही पद्धत इंग्रजीसाठी घडलेली आहे, मराठीला जशीच्या तशी चालत नाही. आपल्या लिपीत अक्षर आणि बाराखडी आली की मूल न समजणारा शब्दही खणखणीत वाचून दाखवतं. म्हणून मी प्रत्येक नोटखाली एक प्रश्न पाठवते, धड्यात ज्याचं उत्तर सरळ लिहिलेलं नाही असा. उत्तरही बोलूनच द्यायचं.

रेकॉर्डिंगचा खरा फायदा इथं आहे. पाहिजे तेव्हा ऐकता येतं, थांबवता येतं, मागं नेता येतं. एक मिनिटाच्या व्हॉइस नोटला डेटा नगण्य लागतो, त्यामुळं जिथं व्हिडिओ फिरत राहतो तिथून आवाज आरामात येतो. रात्री भाकरी उरकली की मी कानाला इअरफोन लावून बसते, पेन्सिल घेऊन. घरचे म्हणतात, ही गाणी ऐकत बसली.

खुणांचे कागद साठत गेले तसं दिसायला लागलं की पोरं कुठंही अडत नाहीत, ठरलेल्या जागी अडतात. आमच्या वर्गातली सगळ्यात मोठी अडचण 'र'. हा जोडाक्षरात चार वेषांत येतो: सूर्यातला रफार, प्रकाशातली तिरपी रेघ, ट्रकमधलं खालचं टोपडं आणि 'दुसऱ्या'मधला तो आडवा. पोरांना क्र, प्र येतो, ट्र येतो (ट्रक रोजचा आहे ना), पण रफार आला की 'सूर्य'चा 'सूय' तरी होतो नाहीतर 'सूयर' तरी. रफार डोक्यावर दिसतो एका अक्षराच्या आणि उच्चारायचा त्याच्या आधी. हे लक्षात आल्यावर मी जोडाक्षरांचा सगळा तक्ता बाजूला ठेवला आणि नुसत्या रफाराचे शब्द पाठवायला लागले. सर्व, वर्ग, गर्दी, दर्गा, कर्ज. 'कर्ज' सगळ्यांना पहिल्या झटक्यात आला. अर्थ माहीत असलेला शब्द डोळ्याआधी कानाला सापडतो.

एका गोष्टीवर मात्र मी हट्टी आहे. आमच्याकडची पोरं 'पाणी'चं 'पानी' वाचतात, 'कोण'चं 'कोन'. मी तिथं टिकमार्क करते. पोरानं शब्द ओळखला, अर्थ लावला आणि आपल्या घरच्या तोंडानं म्हटला. ही वाचनाची चूक नव्हे. वाचन तपासून देणारी ॲप्स आता मराठीतही मिळतात, मूल वाचतं आणि ॲप शब्द लाल-हिरवे करतं. सराव म्हणून चांगली आहेत, ज्या लेकराचं ऐकायला घरात कोणी रिकामं नाही त्याला तर फारच. पण मूल्यमापन मी त्यांच्यावर सोपवणार नाही. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलतं, आईला याडी म्हणतं, मराठी त्याला शाळेत भेटते. ते 'म्हणजे'च्या आधी थबकलं तर ते वाचता येत नाही म्हणून थबकलं की मनातल्या मनात भाषा बदलतंय म्हणून, हे ओळखायला त्या लेकराची ओळख लागते.

तांड्यावरच्या मुलांसाठी मी उलटं काम दिलं. आजीकडून एक गोष्ट गोरमाटीत रेकॉर्ड करून आणायची आणि वर्गात ती वाजवून, मध्ये मध्ये थांबवून, मराठीत सांगायची. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा त्या दिवशी फोन हातात धरून उभा होता आणि बाकीच्यांना दटावत होता, "गप बसा की, आजी बोलायलीय!" गोष्ट कोल्ह्याची होती. त्यातली अर्धी वाक्यं आम्ही फळ्यावर लिहिली आणि तोच त्यांचा वाचनपाठ झाला. दोन आठवडे चालला.

ऊसतोडीला न जाता गावातच राहिलेल्या मुलांसाठी जोडी वाचन. एक वाचतो, दुसरा ऐकतो, ऐकणाऱ्याच्या हातात माझ्यासारखाच कागद आणि पेन्सिल. ऐकणाऱ्याला नियम एकच: वाचणारा अडला तर मनात तीन मोजायचे, तोपर्यंत सांगायचं नाही. हे तीन मी हवेतून काढलेले नाहीत. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग्ज तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात असं तिला दिसलं. तीन सेकंद थांबायला लावल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागली. पोरांना तीन मोजणं शिक्षकांपेक्षा लवकर जमतं हे माझं निरीक्षण. चौथीतल्या पोरी तर बोटं मुडपून मोजतात, आणि वाचणारा त्या बोटांकडं बघून घाई करतो, तो वेगळा घोळ.

आणि एक परिच्छेद पुन्हा पुन्हा. अमेरिकन संशोधक एस. जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये हे मांडलं: छोटा उतारा घ्या, अडखळणं जाईपर्यंत तोच वाचा, मग पुढचा. आपल्या आज्या पाठांतर करून घ्यायच्या त्यापेक्षा हे वेगळं आहे, कारण इथं डोळा ओळीवरून हलता कामा नये. पण एकच उतारा परत परत म्हटलं की पोरं कंटाळतात. रेकॉर्डिंगनं ते सोपं केलं. सोमवारचा आवाज ठेवायचा, शुक्रवारचा ठेवायचा, शनिवारी दोन्ही पाठोपाठ ऐकवायचे. आधी "हा माझा आवाजच नाही" म्हणून भांडण, मग हसू, मग "सोमवारचा पुसून टाका मॅडम." मी पुसत नाही. पण दुसऱ्या कोणाला ऐकवतही नाही. गावाच्या ग्रुपवर कुठल्याच लेकराचं वाचन टाकायचं नाही, चांगलं असलं तरी. एकाचं चांगलं टाकलं की न टाकलेल्यांचं काय हे गाव लगेच मोजतं.

या सगळ्यातून पडलेली भर किती, असं आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका सरांनी विचारलं. मी त्यांना आकडा दिला नाही. उन्हाळ्यात परत येणाऱ्या पोरांना दरवर्षी मी मागच्या इयत्तेचं पुस्तक काढून द्यायचे. आता व्हॉइस नोट पाठवणाऱ्यांना द्यावं लागत नाही, एवढं सांगितलं. न पाठवणारे आहेतच. त्यांची कारणं वाचनाशी संबंधित नसतात. फोन एक, तो वडिलांकडं, वडील पहाटे फडात, रात्री ट्रॅक्टर भरायला. चार्जिंग मुकादमाच्या ओळखीच्या दुकानात. रिचार्ज संपला की महिना तसाच. एका बापानं मला फोन करून सांगितलं, "मॅडम, लेकरू लई मागं लागायलंय, पण कोपीत गोंगाट असतोय, तुम्हाला ऐकूच येणार न्हाई." मी म्हटलं, गोंगाटासकट पाठवा, मला तोही चालतो.

यंदा तयारी आधीपासून केलीय. भाद्रपदातच प्रत्येक घरी जाऊन फोन कोणाचा, व्हॉट्सॲप चालतं का, टोळी कुठल्या कारखान्याला, सोबत मोठं भावंड कोण, हे वहीत लिहून घेतलं. माइकचं बटण वर सरकवून कुलूप लावायचं, म्हणजे बोट दाबून धरावं लागत नाही आणि दोन्ही हात पुस्तकाला मोकळे राहतात, हे तिसरी-चौथीच्या सगळ्यांना करून दाखवायला लावलं. उताऱ्यांची छोटी पुस्तिका झेरॉक्स करून दोऱ्यानं शिवली, कारण पाठ्यपुस्तक आजीच्या भरवशावर घरीच राहतं. प्रत्येक पानावर वर आकडा आहे. लेकरानं आधी आकडा सांगायचा, मग वाचायचं, म्हणजे मला पान शोधावं लागत नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या दुसऱ्या शिक्षकांना विचारायचाय. लिहिण्याचं काय करता? वाचन आवाजातून येतं. लिखाणाचा फोटो अंधारातला, तिरपा, अर्धा बोटानं झाकलेला येतो. मी पोरांना लिहिलेलं वाचून दाखवायला सांगते, पण वाचताना ती चुका दुरुस्त करूनच वाचतात आणि वहीत काय आहे ते मला कळत नाही. कोणाकडं काही जमलेलं असेल तर सांगा. ट्रक यायला अजून थोडा अवकाश आहे.