समुद्रातलं इंजिन, गोसेखुर्दचं पाणी आणि न दिसणारा नंबर

किनाऱ्यावरून जुनं आउटबोर्ड इंजिन (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं) स्वस्तात मिळतंय असं कोणी सांगितलं, तर आधी त्याची नंबरप्लेट वाचता येते का ते बघा. बाकीचं नंतर.

आमच्या मच्छीमार सोसायटीने असंच एक घेतलं. गोसेखुर्द धरणाचं पाणी पसरल्यापासून वैनगंगेचं पात्र वल्ह्याच्या आवाक्यात राहिलेलं नाही. व्यवहार झाला, इंजिन आलं, डोंग्याला बसलं. काठापासून थोडं पुढे गेलो आणि इंजिन तापल्याचा बझर वाजायला लागला. मागून पडणारी पाण्याची धार थेंबांवर आली होती.

खालचा इंपेलर, म्हणजे पंपातलं रबरी पात्यांचं चाक, इंजिन गार ठेवायला बाहेरचं पाणी ओढून इंजिनात फिरवतो, त्यातलंच थोडं त्या धारेने बाहेर पडतं. धार बारीक झाली की लगेच बंद करायचं. समुद्रात चालवून गोड्या पाण्याने धुतलं नाही, तर आतल्या वाटांत मीठ धरतं, थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप, अडकतो. आपल्याकडचं पाणी गोडं असलं म्हणून तो जुना थर आपोआप निघत नाही.

थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट स्टीलचे, ब्लॉक ॲल्युमिनियमचा. खाऱ्या पाण्यात ते एकमेकांत असे रुततात की जोर लावला तर बोल्टच तुटतो. गावातल्या मोटारपंपाच्या मिस्त्रीने तेल सोडून रात्रभर ठेवलं, मग शेक देत, मागेपुढे हलवत सगळे काढले. एकही तुटला नाही!

आणि मग नव्या इंपेलरसाठी सुट्या भागांचं दुकान. व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, "सीरियल नंबर पाठवा." प्लेट असते इंजिन बोटीला आवळणाऱ्या क्लँपवर, आणि आमची मिठाने खाल्लेली. फोटो पाठवला. "क्लिअर फोटो पाठवा." खडू घासून पाठवला. "नंबर दिसत नाही सर." जुना इंपेलर फूटपट्टीशेजारी ठेवून पाठवला. "सगळे सारखेच दिसतात सर, नंबरशिवाय एंट्री होत नाही." फोन केला तर साहेब जेवायला गेलेले. पुन्हा केला, तर दुसऱ्याच माणसाने पहिल्यापासून विचारलं. चुकीचा इंपेलर बसत नाही हे मलाही कळतं. पण नंबर आणखी कुठे असतो, एवढं एक वाक्य कोणाला सांगता आलं नाही. इकडे अध्यक्ष रोज चहाच्या टपरीवर विचारत, "काय जी, आला का तुमचा नंबर?" मी टपरीच बदलली.

शेवटी मिस्त्रीनेच काढला. वरचं झाकण उघडून ब्लॉक पुसताना ब्लॉकच्या एका गोल प्लगवर, म्हणजे धातूच्या बुचावर, ठोकलेली अक्षरं दिसली. तोच नंबर! जागा कंपनीगणिक बदलते, पण बऱ्याच इंजिनांत तो तिथे असतो. पाठवला, आणि सामान आलं.

इंपेलर बदलल्यावर सुकं चालवून बघू नका. पाण्याशिवाय रबर लगेच जळतं. आम्ही ड्रममध्ये बुडवून चालवलं. आपल्याकडे दुसरा त्रास जलपर्णीचा. पाणी ओढायच्या जाळीवर ती चिकटली की नवा इंपेलरही काय करणार? काठाला आल्यावर इंजिन उभंच ठेवा, आतलं पाणी निथळतं. गिअरचं तेल दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरतंय.

हो, एक राहिलंच. इंजिनाला जस्ताचे तुकडे लावलेले असतात, इतर धातूंऐवजी स्वतः झिजायला. समुद्रात जस्त चालतं, गोड्या पाण्यात ते नीट काम करत नाही. आपल्याला मॅग्नेशियमचे लागतात. त्यांच्यावर रंग मारू नका. मागवताना तोच नंबर मागतील.